ओव्हरस्पीडचं चलान ड्रायव्हर माझ्याकडे मागतोय, मी का भरू?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून मुंबई विमानतळावर भाड्याच्या गाडीने गेलात, विमान मिळालं, आणि दहा दिवसांनी ड्रायव्हरचा फोन आला: एक्सप्रेसवेवर चलान पडलंय, दोन हजार द्या. गाडी तो चालवत होता, मग मी का भरू, असा तुमचा सवाल.

मी सतरा वर्षं भाड्याची गाडी चालवतोय, म्हणून आधी एकच विचारतो. गाडीत बसल्यावर ‘दादा, जरा दाबा’ असं तुम्ही म्हणाला होतात का?

फेब्रुवारी २०२३ मधली गोष्ट. तेव्हा मी दुसऱ्याच्या गाडीवर पगारी होतो. कोथरूडचं साडेसातचं पिकअप, दुपारी पाऊणच्या सुमाराचं विमान. मी सव्वासातलाच गेटवर. पार्टी खाली उतरली आठ वाजून दहा मिनिटांनी. आजी-आजोबांच्या पाया पडणं, फोटो, मग एक बॅग वरच राहिली म्हणून पोरगा परत गेला. त्यांचं घर, त्यांचा निरोप, मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण चाळीस मिनिटं तिथे गेली. दोन बॅगा कॅरिअरवर चढवून दोरी आवळत होतो, तर ‘राहू द्या दादा, बास झालं, चला आता’.

वाकडला पोचतोय तोवर शेठचा फोन. पार्टीने त्यांना आधीच लावला होता. ‘साडेदहाला एअरपोर्टला लागलास पाहिजे. विमान चुकलं तर भाडं तुझ्या पगारातून.’ स्पीकरवर होता, मागच्यांनीही ऐकलं. किवळ्याला एक्सप्रेसवेला लागलो तेव्हा नऊला दहा कमी होते. कळंबोलीच्या पुढे वाशी, मानखुर्द, चेंबूर, सकाळच्या गर्दीत तास धरावाच लागतो. म्हणजे ९४ किलोमीटरच्या एक्सप्रेसवेला उरली चाळीस मिनिटं. करा हिशोब. ताशी १४० येतात, आणि तेही घाट आणि टोलनाके हवेत विरघळले असं धरून.

आता एक गोष्ट सांगतो जी गाडीत बसणाऱ्याला माहीत नसते. पिवळ्या पाटीच्या गाडीला ८० वर बांधणारा स्पीड गव्हर्नर असतो. आमच्या शेठने गाडी घेतल्याच्या दुसऱ्याच महिन्यात तो काढायला लावला होता. ‘एअरपोर्टच्या कामाला ऐंशीने परवडत नाही.’

लोणावळा सोडून घाट उतरायला लागलो. तेव्हा घाटात कारला ५० ची पाटी होती. मी ७१ वर होतो. ७१ ला गाडी एका सेकंदात वीस मीटर पुढे जाते. डाव्या लेनला ट्रक रांगेने उतरत होते, ब्रेकचे लायनर तापल्याचा वास काच बंद असूनही आत येत होता. वळणावर त्यातला एक इंडिकेटर न देता मधल्या लेनला आला. ब्रेकवर उभाच राहिलो म्हणा ना. गाडी थांबली, पण वरची बॅग थांबली नाही. अर्धवट बांधलेल्या दोरीतून सरकत पुढच्या काचेवर आली आणि तिचा पट्टा वायपरमध्ये अडकला. ट्रकचा मागचा भाग माझ्या बॉनेटपासून हातभर. मागे दोन लहान मुलं होती, दोघंही गप्प. मग बाई म्हणाल्या, ‘काही नाही झालं, चला.’

उतारावर ट्रकच्या मागे उतरून मी बॅग परत बांधली. हात थरथरत होते, गाठ बसेना.

त्यानंतर तरी मी सावकाश जायला हवं होतं. नाही गेलो. खालापूरचा टोल ओलांडला आणि पुन्हा दाबली, कारण शेठचा दुसरा फोन आला होता. विमानतळावर पोचलो अकरा वाजून पाच मिनिटांनी. विमान मिळालं. शंभर रुपये टीप मिळाली.

चार दिवसांनी शेठचा व्हॉट्सॲप, दोन चलानांचे फोटो. घाटात ७१, खाली सपाटीला ११८, जिथे मर्यादा १०० ची. चलान जातं ज्याच्या नावावर गाडी त्याच्या मोबाइलवर, म्हणून मला कळलं ते असं. खाली एकच शब्द: ‘तुझी’. महिनाअखेरीस अठरा हजारांतून चार हजार कापले. मी म्हटलं, वेळ तुम्ही सांगितलीत. ते म्हणाले, ‘पाय कोणाचा होता?’

पाय माझा होता. ते मी आजही नाकारत नाही, आणि त्या मुलांचा विचार आला की माझी मलाच लाज वाटते. पण साडेदहाची वेळ माझी नव्हती.

पुढे एका वकील पॅसेंजरने मला मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम १८३ फोनवर उघडून दाखवलं. वेगमर्यादा मोडून चालवणारा जसा दोषी, तसाच आपल्या नोकराला किंवा हाताखालच्या माणसाला तसं चालवायला लावणाराही दोषी. आणि त्याच कलमाचं चौथं पोटकलम तर माझ्यासाठीच लिहिल्यासारखं आहे: अमुक वेळेत प्रवास पुरा कर असा हुकूम दिला, आणि वेगमर्यादा मोडल्याशिवाय तो पुरा होणं शक्य नव्हतं असं कोर्टाला वाटलं, तर तो हुकूमच देणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. मी ते तीनदा वाचून घेतलं. हे पोटकलम प्रत्येक ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात भिंतीवर लावायला पाहिजे. जे ड्रायव्हर पगारी आहेत त्यांनी शेठचा ‘इतक्या वाजता पोच’ हा मेसेज पुसू नये, जपून ठेवावा. मी फोनवर ऐकून घेतलं, लिहून मागितलं नाही, तिथे चुकलो.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही त्याचे मालक नाही, त्यामुळे पोलीस तुमच्या दारात येणार नाहीत. कायद्याने तुम्ही बांधील नाही. पण उशिरा तुम्ही उतरला असाल आणि दाबा तुम्ही म्हणाला असाल, तर माझ्या मते निम्मे तरी द्या. त्याच्या दोन-तीन दिवसांच्या मजुरीचा प्रश्न आहे.

आणि दाबून मिळतं काय? घाटाचे दहा किलोमीटर धरा. ५० ने बारा मिनिटं, ७० ने साडेआठ. अख्खा एक्सप्रेसवे १०० ऐवजी १२० ने काढला तरी वाचतात नऊ-दहा मिनिटं. घरात घालवलेली चाळीस मिनिटं रस्त्यावर कधीच भरून निघत नाहीत.

हे सगळं वसुलीसाठी चाललंय, असंही तुम्ही लिहिलंय. मला ते अजिबात पटत नाही. २०१६ साली या एका रस्त्यावर अपघातांत १५१ माणसं गेली. त्यातल्या काही गाड्या मी स्वतः बाजूने जाताना बघितल्यात, आत नजर टाकायची हिंमत झाली नाही. आता कमानींवर कॅमेरे आहेत, दोन ठिकाणांमधला सरासरी वेगही काढतात, त्यामुळे कॅमेरा दिसला की ब्रेक मारायचा आणि पुढे पळायचं, हे चालत नाही. चांगलंच झालं. पॅसेंजरला दाखवायला माझ्याकडे आता कारण आहे.

गाडी आता माझी स्वतःची आहे, हप्ते चालू आहेत, गव्हर्नर जागेवर आहे. बुकिंग घेताना विमानाची वेळ मी विचारतो, पण निघायची वेळ मीच सांगतो, आणि अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबावं लागलं तर विमानाची जबाबदारी माझी नाही असा मेसेज आधीच टाकतो. दोन गिऱ्हाइकं यावर रागावून गेली. जाऊ देत.

एक राहिलं. तुम्ही काही बोलला नव्हतात आणि तो स्वतःच्या मस्तीत पळवत होता, तर एक रुपया देऊ नका, उलट त्याच्या मालकाला कळवा. आणि देणार असाल तरी आधी चलान बघायला मागा. राज्याच्या ट्रॅफिक पोलिसांच्या महाट्रॅफिक साइटवर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की ते उघडतं. ते आकडे ड्रायव्हरकडे असतात, त्यालाच उघडून दाखवायला सांगा. त्यावर फोटो, ठिकाण, तारीख, वेळ सगळं असतं. तुम्हाला सोडून रिकामी गाडी परत आणतानाचं चलानही काही जण पार्टीच्या गळ्यात मारतात. फोटोत गाडी घाट उतरतेय की चढतेय, ते नीट बघा.