पाठ फिरवून ऐक

चि. पोरी,
आशीर्वाद. ‘शेजारच्या घरी बसून बसून मला तेलुगू न शिकता कसं कळायला लागलं?’ हा प्रश्न तू प्रोजेक्टला घेतलास, बरं केलंस. सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या शेजारात वाढलेल्यालाच तो सुचायचा.

आमच्या घरात माग होते. वडील जेवता जेवता घास तसाच ठेवून म्हणायचे, ‘तीन नंबर बघ.’ जाऊन पाहावं तर धागा तुटलेला. चार मागांच्या खडखडाटात त्यांना काय वेगळं ऐकू आलं, हे मी कितीदा विचारलं. ‘आवाज बसला,’ एवढंच. याहून जास्त त्यांनाही सांगता येत नसे.

नकळत शिकणं आणि ते सांगता न येणं, हाच तुझा विषय. मानसशास्त्रज्ञ आर्थर रेबर यांनी १९६७ मध्ये लोकांना अक्षरांच्या ओळी पाठ करायला दिल्या. त्या ठरावीक नियमांनी बांधलेल्या होत्या, हे सांगितलं नाही. पुढे नव्या ओळींतल्या नियमात बसणाऱ्या ओळी लोक अंदाजपंचेपेक्षा बऱ्याच जास्त ओळखत. कशावरून, ते धड सांगता येत नसे.

तुला मात्र मेरी जो निसेन आणि पीटर बुलेमर यांचा १९८७ चा प्रयोग झेपेल. चार दिवे, चार बटणं. दिवा लागला की त्याचं बटण दाबायचं. दहा दिव्यांचा एकच क्रम पुन्हा पुन्हा फिरतो, बोटं वेग धरतात. कॉर्साकॉफ आजाराने स्मृती गेलेल्यांचीही बोटं धरतात! मग गुपचूप क्रम मोडायचा. बोटं अडखळली, तर ती क्रम शिकली होती. नुसता सराव असता तर वेग टिकला असता. हा मोडण्याचा टप्पा गाळू नकोस.

माझी चूकही करू नकोस. हाच प्रयोग मी केला, तेव्हा शेवटी विचारलं, ‘काही क्रम जाणवला का?’ सगळे ‘नाही’ म्हणाले आणि मी ‘नकळत शिकले’ असं लिहून मोकळा झालो. नंतर एकाला सहज म्हटलं, पुढचा कुठला लागेल दाखव. पठ्ठ्याने ओळीने सहा दाखवले. खात्री नसली की माणूस ‘नाही’च म्हणतो. म्हणून तोंडी विचार, आणि दाखवायलाही सांग. (दाखवतानाही बोटंच पुढे पळतात, डोक्याला पत्ता नसतो, असंही असेल. यावर जाणकार अजून भांडतात.)

तेलुगूचंही तपास. शेजारची आक्का ‘इक्कड रा’ (इकडे ये) म्हणते ते तुला आपल्या ‘इकडे’मुळे कळतं, की ती हात हलवते म्हणून? एकदा पाठ फिरवून ऐक.

रविवारी ये. बटणांचा जुना डबा माळ्यावर आहे, वायरी तेवढ्या उंदरांनी खाल्ल्यात.

तुझा,
सर