दसऱ्याच्या रात्री पुरणपोळीच्या जोडीला काय काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : नोकरीमुळे यंदा कोल्हापुरात आलाय, दसऱ्याच्या रात्री ऑफिसातली आणि शेजारची मिळून १५-१६ माणसं जेवायला येणार, त्यात दोघातिघांचे नवरात्राचे उपवास सुटलेले असणार. पुरणपोळी पक्की. आणि जोडीला पनीर मसाला, भरली वांगी, बटाट्याची भाजी, मसालेभात, काकडीची कोशिंबीर, गुलाबजाम, कुरडई-पापड आणि ‘कोल्हापूर आहे म्हणून’ बिनमटणाचा तांबडा रस्सा अशी यादी झाली आहे. यातलं काय ठेवायचं?

निम्मं काढा. पाहुण्यांना कमी वाटेल अशी भीती बाळगू नका. पुरणपोळीच्या ताटात माणसं भाज्या मोजत बसत नाहीत, दुसरी पोळी घ्यायची की तिसरी, एवढाच हिशोब चाललेला असतो.

मी आधी एक कसोटी लावते. पोळी कशी असते? गोड, मऊ, तुपानं माखलेली आणि डाळीमुळे पोटाला जड. मग बाजूच्या प्रत्येक पदार्थाला विचारायचं की बाबा, पोळीत नाही असं तुझ्याकडं काय आहे? आंबट, तिखट, कडू, कुरकुरीत, गारेगार, यातलं काहीतरी एक असेल तर ये ताटात. पनीर मसाला मऊ, तेलकट आणि जड, म्हणजे जे आहे तेच परत. गुलाबजामाबद्दल तर बोलायलाच नको. मसालेभात चांगलाच, पण तो स्वतःच मुख्य पदार्थासारखा बसून राहतो. दोन पोळ्या खाल्लेला माणूस त्याला हात लावत नाही, आणि ज्यानं आधी भात घेतला तो पोळी एकच खातो. साधा पांढरा भात करा. तांबड्या रश्श्याचं काम इथं आमटी करते. तो रस्सा मटणाबरोबर दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या ताटात त्याला कोल्हापूरकर स्वतःही बसवत नाहीत.

तर आमटी. ताटातलं बाकी सगळं फसलं आणि कटाची, म्हणजे पुरणाची डाळ शिजवून गाळलेल्या पाण्याची आमटी जमली तर जेवण जमलं, असं मी मानते. आमच्याकडं जुनी माणसं हिला येळवणीची आमटी म्हणतात. हिची तयारी डाळ शिजवतानाच होते, आणि नवी माणसं नेमकी तिथंच कमी पाणी घालतात. १ किलो हरभरा डाळीच्या मध्यम आकाराच्या २५-३० पोळ्या होतात, तुमच्या माणसांना तेवढ्या बास. ही डाळ कुकरमध्ये बेताच्या पाण्यात शिजवलीत तर कट वाटीभरच निघेल. मोठ्या पातेल्यात ४ लिटर पाणी घालून शिजवा, म्हणजे २ लिटरच्या आसपास कट हाताशी येतो. डाळ बोटानं चेपली की मऊ लागावी, पण गळून पाण्यात मिसळू नये. मिसळली तर आमटी पातळ राहत नाही, वरण होतं.

वाटणाला सुकं खोबरं थेट आचेवर धरून काळे डाग पडेपर्यंत भाजा. तव्यावर भाजलेल्या खोबऱ्याला तो धुरकट वास येत नाही. त्यात भाजलेले तीळ, धने, जिरं, दोन-चार लवंगा, दालचिनी, मिरी. मोहरी, हिंग, कढीपत्त्याच्या फोडणीत हे वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, मग कट, लिटरभर गरम पाणी, चिंचेचा कोळ, मीठ आणि गुळाचा लहानसा खडा. आता पुरणयंत्र धुवायला टाकलं असेल तर परत मागवा. त्याच्या जाळीला आणि दांड्याला जे पुरण चिकटलेलं असतं ते याच कटात विसळून घ्यायचं. आमटीला अंगचा गोडवा आणि किंचित दाटपणा तिथून येतो, वेगळं पुरण घालावं लागत नाही.

देवाच्या नैवेद्याची आमटी या टप्प्यावर बाजूला काढा, कारण नैवेद्याला कांदा-लसूण चालत नाही. उरलेल्या आमटीला लसूण ठेचून दुसरी फोडणी द्या आणि गॅस बंद करून मगच तेलात कांदा-लसूण चटणी घाला. उकळत्या तेलात टाकलीत तर क्षणात करपते आणि तर्री लाल यायच्या ऐवजी काळपट येते. ही तर्री सगळी आमटीत ओतू नका. अर्धी वाटीत वेगळी ठेवा. तुमच्या ऑफिसातली बाहेरगावची मंडळी पहिल्या भुरक्यालाच ठसकली तर त्यांचं जेवण तिथंच संपेल, आणि इथली माणसं ती वाटी मागून घेतील. आमटी थोडी पातळच ठेवा, गार होता होता ती दाटते.

दुसरी कसोटी शेगडीची. दसऱ्याच्या संध्याकाळी इथं सगळं शहर दसरा चौकाकडं असतं. अंबाबाईची पालखी येते, सूर्यास्ताच्या वेळी छत्रपतींच्या हस्ते शमीपूजन होतं आणि मग सोनं लुटायची झुंबड उडते. तिथून निघून, गर्दीतून वाट काढत, दोन घरी वडीलधाऱ्यांना आपट्याचं सोनं देऊन तुमची पाहुणेमंडळी तुमच्याकडं पोचायला साडेआठ होणार, आणि येणार ती टप्प्याटप्प्यानं. त्या वेळी एका शेगडीवर तवा असेल, दुसरीवर आमटी. पोळ्या दुपारी करून कापडात ठेवल्या तरी तूप सोडून गरम करायला तवा लागतोच. म्हणून बाकीचं सगळं एकतर गार वाढायचं किंवा आधी होऊन डब्यात बसलेलं असावं. गरम भजी, गरम पुऱ्या, आयत्या वेळी परतायच्या भाज्या यांच्या वाटेला जाऊ नका. तुम्हालाही सोनं द्यायला-घ्यायला बाहेरच्या खोलीत यायचं असेल की.

या दोन्ही कसोट्यांना उतरणारा माझा आवडता पदार्थ म्हणजे कारल्याच्या काचऱ्या. नाक मुरडू नका. पुरणाच्या तिसऱ्या घासानंतर जीभ गोडानं जडावते, तेव्हा एक कडू, खारट, कुरकुरीत काचरी तोंडात टाकली की पुढची पोळी परत पहिल्यासारखी लागते. कारली पातळ चिरून मीठ चोळून ठेवा, पाणी सुटलं की घट्ट पिळा आणि थोड्या जास्त तेलावर, मंद आचेवर, तांबूस होईपर्यंत परता. शेवटी तिखट, भाजलेले तीळ, सुकं खोबरं. नवमीच्या रात्री करून ठेवल्या तरी चालतात. पोरं खाणार नाहीत, त्यांच्यासाठी कुरडया आहेत.

कुरडई मात्र काढू नका, आमच्याकडं तिच्याशिवाय सणाचं ताट पुरं होत नाही. कोरडी कुरडई कडकडीत तेलात सोडली की डोळ्यांदेखत पसरते आणि कढईभर होते, म्हणून एका वेळी एकच. दुपारीच तळा, पूर्ण गार होऊ द्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कोमट असताना डबा लावलात तर आतल्या वाफेनं मऊ पडते. परतीचा पाऊस रेंगाळला असेल तर हवाही दमट असते, तेव्हा वाढायच्या आधी डबा उघडून ठेवू नका.

आता भाजी. वांगी की बटाटा, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर दोन्ही नको. भरल्या वांग्यात तेच खोबरं-तीळ-दाण्यांचं वाटण, तेच आमटीत, मग दोन वाट्यांना एकच चव. आणि नऊ दिवस साबुदाणा, वरी आणि बटाटा खाऊन कंटाळलेल्या माणसापुढं पुन्हा बटाटा ठेवणं म्हणजे त्याची थट्टाच. हिरवी भाजी करा, साधी, कमी तेलातली. कोणती, ते दसरा कधी येतो त्यावर. २०१७ ला तो ३० सप्टेंबरला होता, २०२३ ला २४ ऑक्टोबरला, जवळजवळ महिन्याचा फरक. लवकर आला तर दोडका, पडवळ, घेवडा, गवार अशा पावसाळी भाज्या कोवळ्या मिळतात. उशिरा आला तर गवार-दोडका जून निघायला लागतो, तेव्हा शेंग मोडून बघून घ्या. कपिलतीर्थ मंडईत सकाळी लवकर गेलात तर निवडायला वाव असतो. पालेभाजी त्या दिवशी टाळा, निवडण्यात दोन माणसं अडकतात. मी श्रावणघेवडा बारीक चिरून मोहरी, हिरवी मिरची आणि ओल्या खोबऱ्यावर करते. आमटीचा कसलाही वास त्यात नाही, आणि गार झाली तरी बिघडत नाही.

कोशिंबीर ठेवा, पण काकडीला मीठ आधी लावून ठेवू नका. मीठ काकडीतलं पाणी बाहेर ओढतं, आणि तासाभरात ताटभर पाण्यात चार फोडी तरंगताना दिसतात. चोचवलेली काकडी, दाण्याचं कूट आणि मिरची-जिऱ्याची गार झालेली फोडणी हे एका भांड्यात, दही दुसऱ्यात. पहिली पंगत बसताना निम्मं कालवायचं, दुसऱ्या पंगतीला निम्मं. १ किलो काकडी आणि अर्धा किलो दही पुरतं, कारण ही दोन चमचेच खायची गोष्ट आहे. दही म्हशीच्या दुधाचं घट्ट असेल तर उत्तम, ते इथं मिळण्याची काही अडचण नाही.

डावीकडं मीठ, लिंबू आणि लोणचं तर असेलच. चटणी म्हणून चिमूटभर खर्डा, मिरच्या-लसूण-दाणे तव्यावर भाजून वाटीच्या बुडानं रगडलेला. लसूण न खाणारं कुणी असेल तर कारळ्याची कोरडी चटणी. चटण्या दोनाच्या वर नकोत.

उपवास सुटलेल्या मंडळींसाठी ताटात वेगळं काही करू नका, फक्त त्यांना आधी साधं वरण-भात-तूप-लिंबू वाढा. नऊ दिवसांनी एकदम तर्री आणि तळण पोटात गेलं तर रात्र अवघड जाते. त्यासाठी कटाला टाकलेल्या डाळीवर भिस्त नको, वाटीभर तूरडाळीचं गोडं वरण वेगळं लावा, कुकरला भाताबरोबरच होतं.

पोळीवर काय घालायचं हेही आधी ठरवा. इथं कुणाला दूध लागतं, कुणाला गुळवणी. गुळवणी म्हणजे गूळ पाण्यात उकळून त्यात सुंठ-वेलदोडा. चांगला कोल्हापुरी गूळ असेल तर करून बघाच, पण घाई झाली तर गरम दूध आणि तूप एवढ्यावर कुणी तक्रार करत नाही.

एक जादाची गोष्ट मात्र सुचवते, तुमच्या यादीत नसलेली. या दिवसांत नव्या भुईमुगाच्या ओल्या शेंगा बाजारात आलेल्या असतात. दोन किलो शेंगा माती जाईपर्यंत धुऊन, सढळ मीठ घालून दुपारी उकडून ठेवा. पाहुणे एकेक करत येणार, आठपासून नऊपर्यंत रेंगाळणार, आणि रिकाम्या पोटी आलेल्या माणसाला लगेच ताटावर बसवता येत नाही. सोनं देऊन-घेऊन झालं की परातीत शेंगा आणि टरफलांसाठी एक रिकामी पाटी मध्ये ठेवून द्या. चिवडा-फरसाणापेक्षा हे बरं, भूक मरत नाही आणि स्वयंपाकघरात तुम्हाला अर्धा तास मिळतो.

आणि समजा पोळ्यांचा बेत फसला, लाटायला माणूस मिळालं नाही आणि श्रीखंड-पुरीवर यावं लागलं, तर हीच कसोटी उलटी फिरवा. श्रीखंड गार आणि दह्याचं, म्हणून दह्याची कोशिंबीर बाद. काकडी लिंबू-कूट-खोबऱ्याची करा. मसालेभाताला तिथं मान आहे, कारण ताटात गरम, मसालेदार असं दुसरं काही उरत नाही. बटाट्याची पिवळी भाजीही तिथंच शोभते, उपवासवाल्यांची माफी मागून. कट नसल्यामुळं आमटी चिंच-गुळाची तुरीची. पुऱ्या मात्र आयत्या वेळी तळाव्या लागतात, त्यामुळं तळणाऱ्या माणसाला पहिल्या पंगतीत जेवायला बसवा आणि मग कढईपाशी उभं करा.

पुरणपोळीच ठरली तर डाळ-गुळाची खरेदी घटस्थापनेच्या आसपास लक्ष्मीपुरीत उरकून घ्या. कारली आणि काकडी शेवटच्या दोन दिवसांत. आमटीला लागणारी चिंच घरात आहे का, ते आत्ताच डबा उघडून बघा.