रॉकेट गोते का खातं? वाचकांचे प्रश्न, मॉडेल रॉकेटविषयी

मॉडेल रॉकेटविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं देताना कागदी नळी, बाल्साचे पंख आणि कारखान्यात तयार झालेली, एकदाच वापरायची काळ्या दारूची मोटर असलेलं रॉकेट डोळ्यांसमोर ठेवलं आहे.

प्रश्न : आमचं रॉकेट ३५ सेंटिमीटर लांब आहे, नळीचा व्यास २५ मिलिमीटर. रॉडवरून सुटतं छान, पण आठ-दहा मीटरवर कोलांट्या खाऊन पडतं. पंख सरळ आहेत. मग चुकतंय कुठे?

पंख सरळ असूनही कोलांट्या येत असतील तर बहुतेक वेळा वजन मागे गेलेलं असतं. रॉकेट ज्या बिंदूवर तोललं जातं तो गुरुत्वमध्य, आणि हवेचा आडवा दाब ज्या बिंदूवर एकवटतो तो दाबमध्य. गुरुत्वमध्य दाबमध्याच्या पुढे, म्हणजे शेंड्याकडे, निदान एका व्यासाइतका हवा. तुमच्यासाठी हे अंतर २५ मिलिमीटर.

हे मोजताना हमखास होणारी चूक म्हणजे रिकामं रॉकेट तोलणं. सी वर्गाची (वर्गांचा अर्थ पुढे दिला आहे) १८ मिलिमीटरची मोटर भरते जवळपास २४ ग्रॅम, आणि ती बसते अगदी बुडाशी. ती न घालता तोललं की गुरुत्वमध्य पुढे दिसतो आणि सगळं ठीक वाटतं. मोटर, पॅराशूट, वॅडिंग (पॅराशूटला आगीपासून वाचवणारे कागदाचे बोळे) असा सगळा साज चढवून रॉकेट पट्टीच्या धारेवर आडवं ठेवा आणि तोल साधेल तिथे पेन्सिलने खूण करा.

दाबमध्य काढायला जेम्स बॅरोमन यांनी १९६० च्या दशकात बसवलेली समीकरणं आहेत. हाताने करायची नसतील तर ओपनरॉकेट हे मोफत सॉफ्टवेअर तेच काम करतं. तेही नको असेल तर रॉकेटची बाजूने दिसणारी आकृती पुठ्ठ्यातून कापा आणि ती जिथे तोलते तो बिंदू धरा. हा अंदाज ढोबळ असतो, पण सहसा सुरक्षित बाजूला चुकतो.

आता उपाय : शेंड्यात थोडी चिकणमाती भरून वजन पुढे आणायचं. समजा रॉकेटचं भरलेलं वजन ६० ग्रॅम, गुरुत्वमध्य शेंड्यापासून २४ सेंटिमीटरवर आणि दाबमध्य २५ वर आहे. गुरुत्वमध्य २२.५ वर आणायचा आहे. नोज कोनच्या, म्हणजे शेंड्याच्या निमुळत्या टोपीच्या, आत शेंड्यापासून ४ सेंटिमीटरवर माती बसते असं धरलं तर ५ ग्रॅम पुरते : ६० गुणिले २४ म्हणजे १४४०, त्यात ५ गुणिले ४ म्हणजे २० मिळवा, ६५ ने भागा. उत्तर साधारण २२.५. पाच ग्रॅम म्हणजे चिमूटभर माती. ती आत नीट चिकटवा, नाहीतर पॅराशूट सुटताना बाहेर येते आणि पुढच्या उड्डाणाला कोणाच्या लक्षात राहत नाही.

शेवटी गरगर चाचणी करा. गुरुत्वमध्यावर दोरी बांधून टेपने पक्की करा आणि दोन-तीन मीटर दोरी सोडून रॉकेट डोक्याभोवती फिरवा. शेंडा पुढे ठेवून फिरलं तर उडवायला हरकत नाही. ही चाचणी जरा कडकच आहे. लांब, सडपातळ रॉकेट स्थिर असूनही कधी कधी तीत नापास होतं.

आणि अंतर भरमसाट वाढवू नका. दोन-अडीच व्यासांच्या पुढे गेलं की रॉकेट वातकुक्कुटासारखं वाऱ्याकडे तोंड वळवतं आणि वारा येतो त्या बाजूला कमान करून दूर जातं. ती वेगळी तक्रार. मळसूत्रासारखं गिरक्या घेत वर जाणं ही तिसरी, आणि तिथे मात्र दोष वाकड्या पंखाचा.

प्रश्न : प्रत्येक उड्डाणानंतर एखादा तरी पंख निघतो. डिंक बदलून पाहिला.

पंख कुठून तुटला ते आधी पाहा. लाकूड मधूनच मोडलं असेल तर रेषे चुकीच्या दिशेला आहेत. बाल्साचे रेषे पंखाच्या पुढच्या कडेला समांतर हवेत. रेषे नळीला समांतर धावत असतील तर बुडाशी बिस्किटासारखा तुकडा पडतो, मग डिंक कितीही चांगला असो. २५ मिलिमीटरच्या नळीला २ ते २.५ मिलिमीटर जाडीचा बाल्सा पुरतो.

पंख मुळासकट निघाला असेल तर तुटलेली जागा नखाने चाचपा. पंखाच्या बुडाला कागदाचा चकचकीत पापुद्रा चिकटून आला असेल, तर डिंकाने आपलं काम केलं आहे. सुटला आहे तो नळीचा वरचा थर. पंख बसतो तेवढ्या पट्ट्यातली चकाकी पॉलिश पेपरने घालवा. पुढच्या-मागच्या कडा घासताना बुडाची कडही गोल होऊन जाते, ती सपाटच राहिली पाहिजे. गोल बुड नळीला एका रेघेवर टेकतं, डिंकाला धरायला काही उरत नाही.

चिकटवायची रीत अशी. बुडाला लाकडाच्या पांढऱ्या डिंकाचा पातळ हात द्या, पंख नळीवर दाबा आणि लगेच उचला. एक-दोन मिनिटं थांबा. दोन्हीकडचा डिंक चिकट झाला की पुन्हा पातळ हात देऊन जागेवर बसवा, आता तो अर्ध्या मिनिटात धरतो. पूर्ण वाळल्यावर दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांत डिंकाची रेघ सोडून ओल्या बोटाने एकदाच ओढा. या भरावाचे दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा चांगले, कारण जाड थर आकसतो आणि आत बुडबुडे धरतो. रॉकेट तोवर आडवं ठेवायचं, नाहीतर डिंक ओघळून खाली जमतो. झटपट चिकटणारा सुपर ग्लू इथे मोहात पाडतो, पण त्याचा सांधा ठिसूळ असतो आणि जमिनीच्या आदळ्याला टिकत नाही.

जागा आखायला नळीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून परीघ घ्या आणि पट्टीचे तीन भाग करा. २५ मिलिमीटर व्यासाला परीघ ७८.५ येतो, म्हणजे खुणा साधारण २६.२ मिलिमीटरवर. उभ्या रेघा मारायला नळी दाराच्या चौकटीच्या आतल्या कोपऱ्यात टेकवली की कोपराच पट्टीचं काम करतो.

प्रश्न : सी ६-५ आणि सी ६-७ यांत फरक काय? मोठा आकडा म्हणजे जास्त ताकद का?

नाही. अक्षर एकूण आवेग सांगतं : ए म्हणजे १.२६ ते २.५ न्यूटन-सेकंद, बी ५ पर्यंत, सी १० पर्यंत, डी २० पर्यंत. दर अक्षराला कमाल मर्यादा दुप्पट. पुढचा आकडा सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. शेवटचा आकडा म्हणजे इंधन संपल्यापासून पॅराशूट ढकलणारी दारू पेटेपर्यंतचे सेकंद. त्या वेळात रॉकेट वेगाच्या जोरावर वर जात असतं आणि पॅराशूट शिखरापाशी सुटावं अशी अपेक्षा असते.

हलकं, निमुळतं रॉकेट बराच वेळ वर जात राहतं, त्याला ७. जड किंवा जाड्या रॉकेटला ५ किंवा ३. जड रॉकेटात ७ घातली तर ते खाली तोंड करून सुसाट येतं आणि नोज कोनला नळीशी जोडणारी दोरी नळीला चेनसारखी उभी फाडते. नळी अशी फाटलेली दिसली की डिले, म्हणजे हा शेवटचा आकडा, चुकला असं समजा. तो फार लहान असला तरीही असंच होतं, कारण तेव्हा रॉकेट वर जाताना वेगात असतं. शून्य आकड्याची मोटर दोन टप्प्यांच्या रॉकेटच्या खालच्या टप्प्यासाठी असते, एकटीने कधीच वापरू नका.

वजनाचा ठोकताळा : सरासरी रेटा वजनाच्या निदान पाचपट. ६ न्यूटनला हे साधारण १२० ग्रॅम येतं. पण मोटरच्या पाकिटावर कमाल वजन छापलेलं असतं आणि ते याहून कमी असेल तर तेच पाळा.

प्रश्न : पॅराशूट कधी वितळतं, कधी उघडतच नाही. आकार किती असावा?

वितळतं ते वॅडिंग कमी पडल्यामुळे. न पेटणाऱ्या कागदाचे सैल बोळे नळीच्या दीड-दोन व्यासांइतक्या उंचीपर्यंत भरा. सैल म्हणजे सैलच. ठासून भरलं तर वायूचा दाब मोटरच उलटी ढकलून देतो आणि पॅराशूट आतच राहतं. मोटर हूकने किंवा मास्किंग टेपचा वेढा देऊन घट्ट बसवलेली हवी.

न उघडण्याची कारणं बहुतेक नोज कोनपाशी सापडतात. शेंडा धरून रॉकेट उचला : नळी आपल्या वजनाने खाली पडता कामा नये, पण हलकासा झटका दिला की सुटली पाहिजे. सैल असेल तर कोनच्या गळ्याला टेपचा तुकडा लावा, घट्ट असेल तर घासा. दमट हवेत कागदी नळी फुगते, त्यामुळे घरी तपासलेली बसणी मैदानावर पुन्हा तपासावी लागते. प्लॅस्टिकच्या पॅराशूटला टाल्कम पावडर लावा आणि घडी उड्डाणाच्या आधी घाला. आदल्या रात्री घडी घालून ठेवलेलं पॅराशूट सुरकुत्या धरून बसतं. रबरी दोरी रॉकेटच्या लांबीच्या दोन-तीन पट हवी, आणि ताणल्यावर बारीक चिरा दिसल्या तर लगेच बदला.

आकाराचं म्हणाल तर ६० ग्रॅमच्या रॉकेटला सेकंदाला ४ मीटर वेगाने उतरवायला सुमारे ३२ सेंटिमीटर व्यास लागतो, ५ मीटर चालत असेल तर २६. मऊ गवत असेल तर आम्ही लहानच निवडू. १५० मीटरवरून ४ मीटर वेगाने उतरायला ३७ सेकंद लागतात. वारा सेकंदाला ५ मीटर असेल तर तेवढ्यात रॉकेट १८५ मीटर वाहून जातं. वाऱ्याच्या दिवशी पॅराशूट काढून लांबीच्या दहाव्या भागाइतकी रुंद फीत लावणं जास्त शहाणपणाचं.

प्रश्न : बटण दाबतो, काहीच होत नाही.

आधी बटणाच्या पेटीतली सुरक्षा-किल्ली काढा आणि ६० सेकंद थांबा. मगच पॅडजवळ जा. इग्नायटरचं, म्हणजे मोटर पेटवणाऱ्या तारेचं, टोक मोटरच्या आत इंधनाला टेकलेलं नसणं हे पहिलं कारण. एक-दोन मिलिमीटरची फट पुरते. दुसरं, इग्नायटरला लावलेल्या दोन क्लिपा एकमेकींना किंवा खालच्या लोखंडी पत्र्याला टेकणं. तिसरं, क्लिपांवर साचलेली काजळी. दर काही उड्डाणांनंतर त्या पॉलिश पेपरने घासा. बॅटरी सगळ्यात शेवटी तपासा. पेटीवरचा दिवा लागतो म्हणजे बॅटरी चांगली असं नसतं, कारण दिव्याला लागतो त्याच्या कित्येक पट प्रवाह इग्नायटरची तार तापवायला लागतो.

प्रश्न : उंची कशी मोजावी?

कोनमापकाला दोरा आणि नट बांधून कोन मोजा. उंची म्हणजे पॅडपासूनचं तुमचं अंतर गुणिले त्या कोनाचा टॅन. त्यात डोळ्याची उंची मिळवा. १०० मीटरवरून ६० अंश आला तर १७३ मीटर. कोनात एका अंशाची चूक झाली तर इथे फरक सुमारे ७ मीटर पडतो, पण ७५ अंशांवर तीच चूक २८ मीटरची होते. म्हणून अपेक्षित उंचीइतकंच दूर उभं राहा, म्हणजे कोन ४५ च्या आसपास येतो. वाऱ्याला आडव्या बाजूला उभे राहिलात तर रॉकेट तुमच्याकडे किंवा तुमच्यापासून दूर झुकत नाही.

प्रश्न : आमच्या क्लबात वीस-पंचवीस जण आहेत. उड्डाणाच्या दिवशी गोंधळ होतो. व्यवस्था कशी लावावी?

गोंधळ पॅडवर दिसतो, पण तो सुरू होतो तयारीच्या टेबलाशी. प्रत्येकाला एक कार्ड द्या : नाव, मोटर, भरलेलं वजन, पहिलंच उड्डाण आहे का. कार्ड आणि रॉकेट दोन्ही एका तपासनिसाकडे जातात. तो पंख हलवून पाहतो, नोज कोनला झटका देतो, मोटर ओढून बघतो, लाँच लग (रॉकेटला चिकटवलेली बारीक नळी) रॉडवर सरकते का पाहतो आणि वजन करतो. त्याची सही नसलेलं रॉकेट पॅडवर जात नाही, मग ते अध्यक्षांचं का असेना. तपासनिसाने त्या दिवशी स्वतःचं रॉकेट उडवू नये. दोन्ही कामांत मन लागत नाही.

चार ते सहा पॅड ओळीत लावा आणि सगळ्यांना एकच किल्ली ठेवा. पॅडवर माणूस असेल तोवर किल्ली उड्डाणप्रमुखाच्या खिशात. सगळे पॅड भरले की मैदान मोकळं करायचं, एकेक रॉकेट पाचपासून उलटी मोजणी करून सोडायचं, आणि सगळी उडाली की मगच आणायला जायचं. मधेच एकाला सोडलं की बाकीचे पळतातच.

अंतरं अमेरिकेच्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या संहितेतून घेता येतील. ही संस्था १९५७ पासून आहे. डी पर्यंतच्या मोटरीला माणसं निदान साडेचार मीटर दूर, त्याहून मोठीला ९ मीटर. मैदानाची लहान बाजू ए ला ३० मीटर, बी ला ६०, सी ला १२०, डी ला १५०. रॉड उभ्यापासून ३० अंशांपेक्षा जास्त कललेला नको, वारा ताशी ३२ किलोमीटरच्या वर नको, ढगांत किंवा विमान दिसत असताना उड्डाण नको. रॉडचं टोक डोळ्यांच्या वर असावं, नाहीतर त्यावर टोपी चढवावी. वाकून इग्नायटर लावणाऱ्याच्या डोळ्याला धोका दारूपेक्षा या टोकाचा जास्त.

पॅडभोवतालचं वाळलं गवत काढा आणि एकाला पाण्याची बादली व ओलं पोतं घेऊन फक्त आगीकडे बघायला बसवा. विजेच्या तारेवर अडकलेलं रॉकेट गेलं असं समजायचं, काठीने काढायचं नाही.

प्रश्न : मोटर घरी बनवली तर स्वस्त पडेल का?

बनवू नका, आणि विकतची मोटर उकरून पुन्हा भरूही नका. दारूच्या कांडीत एक चीर गेली की जळणारा पृष्ठभाग वाढतो, त्याबरोबर दाब वाढतो आणि आवरण फुटतं. कारखान्याच्या मोटरीलाही हे होऊ शकतं. कडक जमिनीवर पडलेली, किंवा उन्हातल्या गाडीत तापून पुन्हा थंड झालेली मोटर म्हणूनच बाजूला काढावी. तिच्यावर बाहेरून ओरखडाही दिसत नाही.