पावसाळ्यात बसलेल्या बॅटऱ्यांचे काय करावे?

प्रश्न : जुन्या मारुती ८०० चे इंजिन काढून मी तिच्यात विजेची मोटर बसवली आहे. पाणी घालायच्या, १२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरच्या सहा बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीला एक साखळीसारख्या जोडलेल्या आहेत. जूनपासून चतुर्थीपर्यंत गाडी पडवीत उभी होती. पूर्वी म्हापशापर्यंत ती सहज जात असे. आता पूर्ण चार्ज करूनही अस्नोड्याच्या पुढे नेण्याचा धीर होत नाही, लहानशा चढावरही ती मान टाकते. जुने ॲसिड ओतून नवे भरावे, असा सल्ला मिळाला आहे. तसे करावे का? — एक वाचक, डिचोली

उत्तर : करू नये. बॅटरी उतरते तेव्हा ॲसिडमधील सल्फेट प्लेटांवर जाऊन बसते आणि चार्ज करताना ते परत द्रावात येते. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत महिनोन् महिने पडून राहिली, की त्या सल्फेटचे जाड, कठीण स्फटिक होतात आणि नेहमीच्या चार्जिंगने ते सुटत नाहीत. म्हणजे आपले ॲसिड नासलेले नाही, ते प्लेटांवर अडकले आहे. वरून नवे भरल्यास हायड्रोमीटरचा, म्हणजे ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीचा, आकडा तेवढा चढेल, पण पुढे हे सल्फेट सुटू लागले की द्राव प्रमाणाबाहेर तीव्र होऊन प्लेटाच खाईल.

सहाही बॅटऱ्या सोडवून प्रत्येक वेगळी तपासावी, कारण सिरीजमध्ये सर्वांत अशक्त बॅटरी बाकीच्या पाचांना मागे ओढते. पूर्ण चार्जनंतर रात्रभर विसावलेल्या चांगल्या बॅटरीचा व्होल्टेज १२.६ च्या आसपास असतो. तो १०.५ वरच अडकत असेल, तर बहुधा एक सेल (बॅटरीतील सहा कप्प्यांपैकी एक) शॉर्ट आहे आणि त्या बॅटरीवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. एखाद्याच सेलची घनता इतरांपेक्षा ०.०५ ने कमी येत असेल, तरीही संशय धरावा.

उरलेल्यांना सावकाश चार्ज द्यावा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतकेच डिस्टिल्ड वॉटर आधी घालावे, बाकीचे पूर्ण चार्जनंतर; विहिरीचे किंवा नळाचे पाणी कदापि नको. दोन-तीन अँपिअरचा प्रवाह लावून दर तासाला प्रत्येक सेलची घनता वहीत टिपत जावे. लागोपाठ तीन नोंदी सारख्या येईपर्यंत थांबू नये, मग त्याला दीड-दोन दिवस लागले तरी चालेल. शेवटी व्होल्टेज १५ च्या वर जाईल आणि सेल खदखदतील. ते अपेक्षितच आहे, मात्र बॅटरी ४५ अंशांहून गरम झाल्यास चार्जर बंद करावा. बाहेर पडणारा हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला तरी ठिणगीने पेटतो, म्हणून हे काम मोकळ्या पडवीत, चष्मा लावून करावे आणि खाण्याचा सोडा व भरपूर पाणी हाताशी ठेवावे. सीलबंद बॅटरीवर मात्र हा प्रयोग करू नये.

मग खरी परीक्षा. ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब एका बॅटरीला जोडून व्होल्टेज १०.५ वर येईपर्यंतचे तास मोजावेत. हा बल्ब साडेचार-पाच अँपिअर घेतो, त्यामुळे निरोगी १०० अँपिअर-अवरची बॅटरी वीस तासांच्या आसपास टिकली पाहिजे. आठच तासांत उतरली, तर तिच्यात चाळीसच अँपिअर-अवर उरले असे समजावे. चढावर मोटर १०० अँपिअर ओढू लागली, की तेवढेही हाती लागत नाहीत. अशा वेगाने उपसल्यावर चांगली बॅटरीही छापील क्षमतेच्या निम्म्याच्या आसपासच देते. परीक्षा संपताच बॅटरी लगेच चार्जला लावावी.

दोन-तीनदा असे करूनही तास वाढत नसतील, तर प्लेटांवरचा माल झडून तळाशी बसला असावा. बाजारातल्या 'संजीवनी' पुड्या तो परत चढवत नाहीत. बदलायच्याच झाल्या तर सहाही एकदम बदलाव्यात, कारण जुन्यांच्या संगतीत एकटी नवी लवकर झिजते. जुन्या भंगारात न फेकता बॅटरी विक्रेत्याकडेच परत द्याव्यात.

येत्या जूनमध्ये गाडी उभी करण्यापूर्वी बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून केबल सोडवाव्यात, टर्मिनलना पेट्रोलियम जेली लावावी आणि महिन्यातून एकदा पुन्हा चार्ज द्यावा. आपल्याकडच्या उष्म्यात बॅटरी नुसती ठेवूनही हळूहळू उतरतेच.