मोठे टायर टाकले, आता एक्सल पण बदलू का? – वाचकांचे प्रश्न

२०१४ साली गोव्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफरोडची (रस्ता सोडून चिखल-दगडातून गाडी चालवण्याची) स्पर्धा सुरू झाली, तेव्हापासून आपल्याकडं ऑफरोडिंगचं वेड चांगलंच वाढलंय आणि मला त्याचा आनंदच आहे. पण पत्रं वाचताना एक दिसतं, लोक टायर, लिफ्ट (गाडी उंच करणं), बंपर यावर आधी खर्च करतात आणि इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा एक्सल आणि चाक ज्यावर बसतं तो हब यांचा विचार काहीतरी तुटल्यावरच करतात. म्हणून या वेळी सगळे प्रश्न त्याच विषयावरचे घेतलेत.

प्रश्न (सातारा): माझ्याकडे जिप्सी आहे, टायर २०५/७० आर १५. ३१ इंची टायर आणि मागे डिफ लॉक टाकायचा विचार आहे. इथला टर्नर म्हणतो जाड एक्सल शाफ्ट बनवून देतो, काही होणार नाही. करू का?

उत्तर: थांबा जरा, आधी हिशोब करू. तुमचा आत्ताचा टायर २६ इंचाच्या थोडा वर भरतो. ३१ इंची म्हणजे उंची साधारण १८ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जमिनीवर ग्रिप तेवढीच मिळाली तरी शाफ्टला पडणारा पीळ तेवढ्याच टक्क्यांनी वाढला, आणि टायर जड झाल्यामुळे चाक हवेत फिरत असताना अचानक दगडावर टेकलं की बसणारा झटका वेगळाच. शाफ्ट बहुतेक वेळा त्या झटक्यानं तुटतो, सावकाश ओढताना तुटलेले फार कमी बघितलेत.

त्यात डिफ लॉक. साध्या डिफरन्शियलमधे (म्हणजे डिफ, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा संच) दोन्ही शाफ्टला पीळ सारखाच जातो, एक चाक चिखलात फिरत असेल तर ग्रिप असलेल्या चाकालाही तेवढाच मिळतो. याचा आपल्याला राग येतो पण शाफ्ट वाचतो तो त्याच्यामुळेच. लॉक लावला की ज्या चाकाला ग्रिप आहे त्या एकाच शाफ्टवर जवळजवळ सगळा पीळ येऊ शकतो, त्यामुळे आधी शाफ्ट आणि मग लॉकर, उलटं करू नका.

आता टर्नरचं. गोल शाफ्टची पिळाची ताकद जाडीच्या घनाच्या हिशोबानं वाढते, १० टक्के जाड केला तर ताकद ३३ टक्के वाढते, म्हणून जाड करायची कल्पना चुकीची नाहीये. पण कुठं जाड? मधला दांडा जाड केला आणि टोकाचे स्प्लाइन (गिअरमधे अडकणारे दाते) होते तेवढेच ठेवले तर शाफ्ट त्या स्प्लाइनच्या मुळाशीच तुटणार, उलट जाड भाग जिथं एकदम बारीक होतो तिथं ताण जमा होतो आणि बरोबर तिथंच चीर पडते. चांगल्या शाफ्टला मधला भाग मुद्दाम स्प्लाइनच्या मुळाइतकाच ठेवतात, म्हणजे पीळ पूर्ण लांबीत वाटला जातो. खरंच जाड शाफ्ट हवा असेल तर स्प्लाइन मोठे, मग डिफमधले साइड गिअर त्या मापाचे, म्हणजे खर्च कुठं पोचला बघा. टर्नरला तीन गोष्टी विचाराच, मटेरियल कुठलं (ईएन २४ हे मजबूत पोलाद असेल तर ठीक), हीट ट्रीटमेंट कुठं करणार आणि झाल्यावर हार्डनेस तपासून देणार का. हीट ट्रीटमेंट न केलेला ईएन २४ दिसायला झकास दिसतो पण पहिल्याच जोराच्या पिळाला त्याचे स्प्लाइन वळलेले दिसतील.

माझं स्पष्ट मत, २३५/७५ आर १५ वर थांबा. २९ इंचाच्या आसपास बसतो, गाडीची ओढ फार मरत नाही आणि सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांना तेवढा पुरतो. आणि पुढच्या एक्सलचा जॉइंट (चाक वळलं तरी ताकद पोचवणारा सांधा) जपा, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना तो सगळ्यात कमजोर असतो. अडकलात तर आधी स्टिअरिंग सरळ करा आणि मगच रेस द्या, हे फुकटचं अपग्रेड आहे.

प्रश्न (सावंतवाडी): वडिलांची जुनी महिंद्रा सीजे ३बी आहे. गाडी सोडताना आणि रिव्हर्सला मागच्या चाकातून कट्ट असा आवाज येतो. मेकॅनिक म्हणतो फुल फ्लोटिंग एक्सल बसवा.

उत्तर: वडिलांची जीप अजून चालवताय हे वाचून फार बरं वाटलं, ती विकू नका.

या जीपला मागे टेपर शाफ्ट असतो. शाफ्टचं टोक निमुळतं, त्यावर हब ठोकून बसतो, मधे ‘की’ (छोटी पाचर) असते आणि बाहेरून मोठा नट. पीळ खरं तर टेपरच्या घट्ट पकडीनं जायला पाहिजे, की फक्त आधाराला. नट सैल पडला की पकड जाते, सगळा भार त्या एवढ्याशा कीवर येतो, कीवे (की बसायची खाच) झिजतो आणि तुमचा तो कट्ट आवाज सुरू होतो. असंच चालवत राहिलात तर की तुटते, शाफ्ट आत फिरतो आणि हब जागच्या जागी राहतो.

म्हणून आधी हब पुलर लावून हब काढा (हातोड्यानं ठोकू नका, धक्का आतल्या बेअरिंगला बसतो), टेपरवर चरे पडलेत का, कीवे रुंद झालाय का बघा. टेपर चांगला असेल तर नवीन की टाका, दोन्ही भाग कोरडे स्वच्छ पुसा, नट टॉर्क रेंचनं घट्ट करा आणि स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट अजून पुढं आवळून जुळवा, मागे कधीच घेऊ नका. थोडं चालवून पुन्हा चेक करा. बहुतेक आवाज इथंच संपतो.

फुल फ्लोटिंगचा फायदा खरा आहे. तुमच्या आत्ताच्या सेमी फ्लोटिंगमधे शाफ्ट पीळही घेतो आणि गाडीचं वजनही पेलतो, तो बाहेरच्या टोकाला तुटला तर चाकच निखळतं. फुल फ्लोटिंगमधे हब दोन बेअरिंगनं स्पिंडलवर (हाउसिंगच्या टोकाची पक्की नळी) बसतो, वजन हाउसिंगवर (एक्सलचं बाहेरचं कवच) जातं, शाफ्ट फक्त फिरवायचं काम करतो. आंबोली घाटात शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहील. पण गाडी गावात आणि शेतावर फिरत असेल तर एवढा खर्च नको, टेपर नीट ठेवा पुरे.

प्रश्न (नाशिक): मॅन्युअल हब (पुढची चाकं एक्सलला हातानं जोडायचे-सोडायचे) कायम लॉक ठेवले तर चालतील का? खाली उतरून फिरवायचा कंटाळा येतो.

उत्तर: चालतील, फक्त पुढचे शाफ्ट, डिफ आणि प्रॉपेलर शाफ्ट विनाकारण फिरत राहतील, थोडं डिझेल आणि थोडी झीज. खरा धोका उलट बाजूनं आहे ताई. हब फ्री असताना तुम्ही फोर लो (चारही चाकांचा हळू पण जोराचा गिअर) टाकलात तर पुढची चाकं ओढतच नाहीत आणि लो गिअरचा सगळा पीळ एकट्या मागच्या एक्सलवर जातो, कितीतरी मागचे शाफ्ट असेच गेलेत. आणि एक हब लॉक, एक फ्री असं ठेवलं तर पुढून काहीच मिळणार नाही, दोन्ही डायल हातानं तपासा. हब फ्रीच ठेवत असाल तर महिन्यातून एकदा लॉक करून टू व्हीलमधेच थोडं फिरवा, आतल्या भागांना तेल पोचतं.

प्रश्न (पुणे): नवीन थारला स्पेसर (हब आणि चाकामधे बसणारी जाड चकती) लावून चाकं बाहेर काढली तर हबला त्रास होईल का?

उत्तर: होईल. चाक जेवढं बाहेर तेवढा बेअरिंगवर तिरका भार जास्त. रुंदी वाढवायचीच असेल तर योग्य ऑफसेटची (चाक किती आत-बाहेर बसतं त्या मापाची) रिम घ्या, भार तरीही वाढतोच पण निदान मधे एक जादा जोड येत नाही. लिफ्ट केली असेल तर पुढच्या सीव्ही शाफ्टचा (सांध्यावर वळत चाक फिरवणारा दांडा) कोन वाढतो, रबरी बूट फाटलाय का दर सर्व्हिसला बघा. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत बदल चालत नाहीत, क्लेमच्या वेळी विमावाले हेच काढतात.

प्रश्न (चिपळूण): ओढ्यातून गाडी काढल्यावर हबचं काय बघायचं?

उत्तर: गरम हब आणि डिफ थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. म्हणून पाण्यात जायच्या आधी पाच-दहा मिनिटं थांबून हात लावून बघा, आणि एक्सलच्या ब्रीदरची (आतली हवा आत-बाहेर जायची वाट) नळी बॉनेटच्या उंचीपर्यंत वर न्या, रबरी नळी आणि क्लिप एवढाच खर्च आहे. घरी आल्यावर डिफचा ड्रेन प्लग थोडा सैल करा. तेल दुधाच्या चहासारखं निघालं तर पाणी शिरलंय, त्याच आठवड्यात ऑइल बदला, हब उघडून बेअरिंग धुवा, नवीन ग्रीस आणि नवीन सील टाका. जुनं सील चांगलं दिसतंय म्हणून परत बसवू नका.