महाराष्ट्र केसरीच्या गदेशी मोहोळ घराण्याचा काय संबंध?

संबंध आहे मामासाहेब मोहोळांमुळे. मुळशीचे काँग्रेसचे आमदार, पण जीव सगळा तालमीत. तेव्हा कुस्ती म्हणजे गावोगावच्या जत्रा, तिथला इनाम, पंच बोलेल तो नियम, आणि एकेका संस्थानचा आश्रय होता तो संस्थानं गेल्यावर आटला, मग खुराकाला पैसा आणायचा कुठून हा पैलवानांचा प्रश्न. मामासाहेबांनी १९५३ ला कुस्तीगीर परिषद उभी केली, आणि १९६१ ला औरंगाबादला पहिली महाराष्ट्र केसरी झाली, ती दिनकर दह्यारींनी मारली.

माझ्या मते खरं काम हेच, कारण आमदारकी येते जाते पण जिल्हा तालीम संघ, निवड चाचणी, वजनगट ही शिस्त कोणीतरी लावून द्यावी लागते. आजही मातीतला विजेता आणि गादीवरचा (मॅटवरचा) विजेता शेवटी समोरासमोर येतात, तो दिवस बघाच एकदा.

मामासाहेब गेल्यावर त्यांच्या स्मरणार्थ घरच्यांनी चांदीची गदा द्यायला सुरुवात केली. आत लाकूड, वरून चांदीचा नक्षीचा पत्रा, एका बाजूला हनुमान आणि दुसऱ्या बाजूला मामासाहेब. चिरंजीव अशोकराव पुढे खेडचे खासदार झाले, त्यांनी ही प्रथा जपली. २०२३ ला कोथरूडला शिवराज राक्षेने ती गदा घेतली ना, त्या मैदानालाही मामासाहेबांचंच नाव दिलं होतं.