‘खन्सा’ म्हणजे रणरागिणी नव्हे, नकटी

सीरियात ‘इस्लामिक स्टेट’ने उभारलेल्या ‘अल-खन्सा’ या स्त्रीपथकाच्या नावाचा अर्थ ‘रणरागिणी’ असा आहे काय, आणि त्याचा ‘खान’शी संबंध लागतो काय, असे एका वाचकाने विचारले आहे. खानाशी संबंध नाही. आणि ‘रणरागिणी’ ही आमच्या वृत्तनिवेदकांची भर आहे, ज्यांना बुरख्याआड बंदूक दिसली की दुसरा शब्दच सुचत नाही.

‘खन्सा’ म्हणजे नकटी. ख-न-स या अरबी धातूचा अर्थ मागे सरणे. जिचे नाक मागे सरलेले, ती खन्सा. आपल्याकडे नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने, तर अरबांकडे हरिणीचे असे नाक कौतुकाचे. पण म्हणून थेट ‘हरिणी’ असा अर्थ देऊन मोकळे होणारे धातूच गिळून टाकतात. कुराणाच्या अखेरच्या सूरेत, म्हणजे अध्यायात, कुजबुजून मागे सरणारा ‘खन्नास’, म्हणजे सैतान, येतो, तोही याच धातूचा. आपली ‘खुन्नस’ येथूनच आली असावी, असा माझा जुना तर्क आहे. हिंदी कोशकार ती ‘खिन्नमनस्’पासून काढतात आणि तुलसीदासांच्या ‘खुनिस’कडे बोट दाखवतात, परंतु खुन्नस धरणारा माणूस खिन्न कुठे असतो? तो दबा धरून बसलेला असतो! तुलसीदासांच्या भाषेत अरबी-फारसी शब्द मुबलक आहेत, हे या कोशकारांना सांगायला हवे.

असो. पथकाने हे नाव घेतले ते सातव्या शतकातील कवयित्री तुमादिर ऊर्फ अल-खन्सा हिच्यावरून. अरब आणि इराणी यांच्यातील कादिसियाच्या लढाईत चार मुलगे पडल्यावर तिने ईश्वराचे आभार मानले, ही कथा नंतरच्या चरित्रग्रंथांतली. तिची कीर्ती मात्र सख्र आणि मुआविया या भावांवरील विलापिकांची, आणि ते दोघे इस्लामपूर्व टोळीयुद्धांत मारले गेले होते.

२०१४ मध्ये रक्का येथे निघालेल्या या पथकाचे नोंदलेले काम स्त्रियांचे पोशाख तपासण्याचे आणि त्यांना फटके मारण्याचे होते. पथकातील स्त्रिया आघाडीवर लढत होत्या, हा दावा वादग्रस्त आहे. पथकाच्याच नावाने जानेवारी २०१५ मध्ये निघालेल्या अरबी पत्रकात स्त्रीची जागा घरात सांगितली असून, शत्रू चालून आला आणि पुरुष अपुरे पडले तरच तिला लढण्याची मुभा दिली आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये, ‘इस्लामिक स्टेट’च्या हातून इराकमधील मोसुल गेल्यावर आणि रक्का जात असताना, ‘अल-नबा’ या त्यांच्या साप्ताहिकाने स्त्रियांवरही जिहाद बंधनकारक असल्याचे लिहिले. ते धोरणातले वळण होते की आधीच्याच अपवादाचा वापर, यावर अभ्यासकांत अजून खुन्नस आहे.